दोनशे ऐंशी जमा झाले!

मंडळी, बावीस वर्षं मी लोकांची डोकी हाताळतोय, पण माझ्या सलूनमधून आजवर दोनच गोष्टी बाहेर गेल्या. कापलेले केस आणि केस कापलेली गिऱ्हाइकं! गिऱ्हाइकाचं गुपित मात्र कधी उंबरठ्याबाहेर गेलं नाही. कोण मिशीला रंग लावतं, कुणाच्या कानात जंगल माजलंय, कुणी भांग उजवीकडून डावीकडे का नेला, सगळं मला ठाऊक. पण खुद्द बायकोला कधी अवाक्षर सांगितलं असेल तर शपथ!

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या स्वतःच्या डोक्याचं काय? तर तिथे लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिशी उलटायच्या आत माझं डोकं घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख झालं. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. अजिबात म्हणजे अजिबात नाही! उलट गिऱ्हाइकाच्या मानेवर उजेड चांगला पडतो.

तर असं हे सलून. दोन खुर्च्या, एक बाक, एक गळका नळ आणि भिंतीवर मी स्वतः रंगवलेला भावफलक. कटिंग ऐंशी, दाढी पन्नास, कानातले केस तीस, मिशी रंगवणे सत्तर, उवांचा उपाय एकशे वीस आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, डोक्याचे केस रंगवणे दोनशे ऐंशी. बाक फलकाच्या बरोब्बर समोर. त्यामुळे बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे आकडे तोंडपाठ.

त्या बाकाचे कायमचे रहिवासी म्हणजे टपालदादा. नोकरीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण वाटप अजून चालू आहे. पूर्वी पाकिटं वाटायचे, आता बातम्या वाटतात. सकाळी येतात, माझा पेपर वाचतात, आणि वाचून झाला की समोरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेवरची जाहिरात मोठ्याने वाचतात. ‘तीन महिन्यांत नवे केस! एक बाटली फक्त सातशे एकोणपन्नास!’ मग माझ्याकडे बघून म्हणतात, “घेतोस का रे एक?” मी म्हणतो, “असल्या थापांना मी बळी पडत नाही, दादा.” हे रोजचं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी बायको दुकानात आली आणि तिने गल्ला उघडला. आत नोटा कमी आणि चिठ्ठ्या जास्त. ‘सुटे नव्हते, उद्या देतो.’ ‘वीस राहिले.’ आणि एक नुसतीच, ‘ओळखलंत ना?’

“हे काय आहे?” ती म्हणाली.

“अगं, माणसं जोडलीत मी!”

“समोरच्या औषधवाल्यांनी ती बोलणारी डबी आणलीये. फोन दाखवला की पैसे जमा आणि डबी ओरडून सांगते. उद्यापासून आपल्याकडेही तेच. हा गल्ला मी घरी नेतेय.”

आणि नेला की! एवढंच नाही, माझ्या खिशातल्या नोटासुद्धा काढून घेतल्या. “तुम्हीसुद्धा फोननेच द्यायचे. म्हणजे कुठे जातात ते कळेल तरी,” म्हणाली. मी हो म्हटलं. बावीस वर्षांत नाही म्हणायची सवयच लागलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आरशाखाली फोन दाखवायचा, काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनी फलक लागला आणि शेजारी ती डबी बसली. पहिल्याच गिऱ्हाइकाने फोन दाखवला आणि डबीतून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, “आपल्या खात्यात एकशे दहा जमा झाले आहेत!”

मी खूश! पण बाकावर टपालदादांनी पेपर खाली केला. डोळे बारीक करून भावफलकाकडे बघितलं.

“एकशे दहा... कटिंगचे ऐंशी... उरले तीस...” आणि एकदम मांडीवर थाप मारली. “कानातले केस!”

गिऱ्हाईक दोन्ही कान झाकून पळालं.

झालं! बाकाला खेळच मिळाला. पूर्वी नोट मुठीतून मुठीत जायची, कुणाला पत्ता लागत नसे. आता डबीतली बाई आकडा सांगायची आणि बाक त्याची फोड करायचा. मी म्हणायचो, “अहो, दुसऱ्याच्या डोक्यात कशाला डोकावता?” तर दादा म्हणायचे, “आम्ही कुठे डोकावतोय? तुझी बाईच सांगतेय!”

तिसऱ्या दिवशी आले क्लासवाले सर. चौकात त्यांचा गणिताचा क्लास. साठ मुलं, भारदस्त माणूस आणि त्याहून भारदस्त मिशी. सरांनी दाढी केली आणि माझ्या कानात म्हणाले, “मिशीला जरा हात फिरवा.” म्हणजे रंग. हे आमचं जुनंच. मी पडदा ओढला, काम चोख केलं. पैसे द्यायच्या वेळी मला आठवण झाली, डबीचा आवाज कमी करायला हवा! हाताला साबण, डबीला दोन बटणं. घाईघाईने एक दाबलं. ते नेमकं आवाज वाढवायचं निघालं.

“आपल्या खात्यात एकशे वीस जमा झाले आहेत!” रस्त्यापलीकडच्या औषधवाल्यांनी मान वर केली, इतका आवाज.

पन्नास आणि सत्तर, एकशे वीस. बरोबर? पण बाकाने फोड केलीच नाही हो! फोड करायची गरजच नव्हती. भावफलकावर एकशे वीस सरळ लिहिलेलेच होते.

“उवा!” टपालदादा पुटपुटले आणि बाकाच्या पार टोकाला सरकले.

आता काय करू? उवा नाहीत म्हणावं, तर मग एकशे वीस कसले ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं तर मिशी उघडी पडणार! मी ब्रीद सांभाळलं. वस्तरा पुसत राहिलो. बाकावरचे चारही जण डोकं खाजवायला लागले, आणि खरं सांगतो, नसलेले केस खाजवण्याचा मोह मलाही झाला.

संध्याकाळपर्यंत टपालदादांचं वाटप पूर्ण झालं. दुसऱ्या दिवशी सरांच्या क्लासला साठापैकी अकरा मुलं आली. त्यातल्या तिघांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या होत्या म्हणे. दुपारी सर तरातरा सलूनच्या दारात येऊन उभे राहिले.

“ऐका सगळे!” ते म्हणाले. “मला उवा नाहीत! मी दाढी केली आणि मिशी रंगवली! पन्नास अधिक सत्तर! आणि हे ज्याला करता आलं नाही, त्याने माझ्या क्लासला बसावं!”

ते गेले. इतकी वर्षं सांभाळलेलं गुपित बाहेर आलं होतं, आणि ते बिचाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःच ओरडून सांगावं लागलं होतं.

आणि मग मला एकदम आठवलं. उद्या बुधवार होता. बुधवार म्हणजे मालक!

मालक म्हणजे या दुकानाचे मालक. वरच्याच मजल्यावर राहतात. वय सदुसष्ट, केस काळेभोर. कुणीही भेटो, मालक पहिल्या पाच वाक्यांत डोक्यावरून हात फिरवणार आणि म्हणणार, “आमच्या घराण्यात केस पांढरे होत नाहीत. रक्तच तसं आहे!” ते रक्त दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी तीन वाजता, शटर अर्धं ओढून, वाटीत कालवून मी लावतो. बायको समजते मी दुकानात वामकुक्षी करतो.

त्यात दुकानाचा करार याच महिन्यात संपत होता. एक फोन विकणारा दुप्पट भाडं घेऊन मालकांच्या मागे लागला होता. तरी मालक मला म्हणाले होते, “गुरुवारी संध्याकाळी दोन साक्षीदार बोलाव. पुढच्या पाच वर्षांची सही करून टाकू. तुझ्यासारखा विश्वासू माणूस मला कुठे मिळणार?” त्या ‘विश्वासू’ शब्दावर माझं दुकान उभं होतं. तो गेला की मी, खुर्च्या आणि गळका नळ, सगळे रस्त्यावर!

म्हणून बुधवारी मालक यायच्या आधीच मी डबीची पिन उपटली, तिला चार टॉवेलांत गुंडाळली आणि खालच्या खणात कोंबली. मालक आले. रंग लावला, अर्धा तास थांबलो, धुतला. केस असे काळे झाले की आरसा खूश! मालकांनी फोन काढला.

“मालक, राहू द्या हो आज.”

“का?”

“उद्या करार आहे. माझ्याकडून भेट समजा.”

“फुकट?” मालक खुर्चीतच ताठ झाले. “उद्या मी तुझ्या करारावर सही करणार आणि आज तुझ्याकडून फुकट काम करून घेऊ? लोक काय म्हणतील?”

“लोकांना कळणारच नाही!”

“मला कळेल ना!”

“मग रोख द्या, मालक. सावकाश द्या. पुढच्या महिन्यात द्या.”

“रोख कुठली आणू? सुनेने पाकीट काढून घेतलंय. म्हणाली, बाबा, आता सगळं फोनमध्ये.” ते जरा ओशाळले. मला त्यांची फार दया आली. दोन बाप्ये माणसं, आणि दोघांच्या खिशात मिळून एक नोट नाही!

मालकांनी फोन चौकोनी फलकासमोर धरला. पडद्यावर एक चक्र गरगर फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंयच. शेवटी अक्षरं उमटली, ‘आपले पैसे लवकरच जमा होतील.’

“लवकरच म्हणजे कधी?” मी विचारलं.

“होतील रे. जातात कुठे!” असं म्हणून मालक शटरखालून वाकून निघून गेले. मी खणाकडे बघितलं. खण गप्प होता.

गुरुवारी सहा वाजता सगळी मंडळी जमली. मालक इस्त्रीचा शर्ट घालून एका खुर्चीत बसले. दुकान दोघांच्या नावावर, म्हणून मालकीणबाईही आल्या आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या. साक्षीदार म्हणून बाकावर टपालदादा आणि समोरचे औषधवाले. बायको सकाळपासून दुकान घासत होती. मी कागद आरशाखालच्या फळीवर ठेवला आणि पेन मालकांच्या हातात दिलं.

“बघा,” मालक औषधवाल्यांना म्हणाले, “सदुसष्टावं चालू आहे. सही करायला चष्मा लागतो, हे कबूल. पण केस बघा!” त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “आमच्या घराण्यात...”

“आपल्या खात्यात दोनशे ऐंशी जमा झाले आहेत!”

मी खणाकडे बघितलं. खण उघडा! टॉवेल घडी घालून वर ठेवलेले! आणि डबी आरशाखाली, पिन लावून, हिरवा दिवा मिचकावत बसलेली!

“फडक्यांत पडली होती हो,” बायको कौतुकाने म्हणाली. “एवढी महाग वस्तू! मी पुसून लावून ठेवली.”

“दोनशे ऐंशी,” टपालदादा हळूच म्हणाले. त्यांनी एकदा भावफलकाच्या तळाकडे बघितलं. मग एकेकाच्या डोक्याकडे. औषधवाल्यांचे केस करडे. स्वतः दादांचे कापसासारखे पांढरे. मग त्यांची नजर मालकांच्या खुर्चीकडे निघाली.

मालकांचं पेन कागदावर टेकलं होतं, पण हलत नव्हतं. माझी पाच वर्षं त्या पेनाच्या टोकावर अडकली होती. काहीतरी करायला हवं होतं, आणि ताबडतोब! मी दोन पावलं पुढे आलो आणि छाती काढून ओरडलो, “ते माझे आहेत! मीच भरलेत! काल मी माझे केस रंगवले!”

नळ तेवढा गळत होता. पाच जणांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. डोक्यावर दिवा चमकत होता.

“कुठले?” टपालदादांनी विचारलं.

बायको म्हणाली, “अहो, ताप आहे का तुम्हाला?”

“थांबा, थांबा,” टपालदादा बोटांवर मोजत म्हणाले. “दोनशे ऐंशी म्हणजे केस रंगवणेच असं काही नाही. कटिंग ऐंशी, दाढी पन्नास, एकशे तीस. कानातले केस तीस, एकशे साठ. आणि उवांचे एकशे वीस! बरोब्बर दोनशे ऐंशी! म्हणजे कुणालातरी...”

“उवा?” मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मालकांपासून खुर्ची हातभर लांब ओढली. “अहो, कालपासून तुम्ही डोकं खाजवताय ते...”

“उवा नाहीत!” मालक ताडकन उठले. “अगं, उवा काय म्हणतेस! रंग आहे, रंग! रंग लागला की खाज सुटते!”

म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हणालो. ते तसेच खाली बसले. मी डोळे मिटून घेतले. संपलं, मला वाटलं. उद्यापासून या भिंतीवर फोन लटकणार.

“ते माहीत आहे मला,” मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“रंग आहे ते. बारा वर्षं माहीत आहे. उशीचे अभ्रे कोण धुतं आपल्या घरी? महिन्याच्या पहिल्या बुधवारी काळा डाग! मी तर त्या दिवशी जुनाच अभ्रा घालते.”

“मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?”

“बोलले असते तर तुम्ही लाजून सोडून दिलं असतं. छान दिसता हो काळ्या केसांत!” असं म्हणून त्यांनी खुर्ची पुन्हा जवळ ओढली. “आणि याने बारा वर्षांत कुणाला सांगितलं नाही. आज तर तुमच्यासाठी स्वतःच्या टकलाला केस चिकटवले बिचाऱ्याने! करा सही.”

मालक लालबुंद झाले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. त्यांनी सही केली. करून झाल्यावर जरा विचार केला आणि खाली स्वतःच्या हाताने एक कलम वाढवलं, ‘भाडेकरूने महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बोलणारे यंत्र वरच्या मजल्यावर मालकीणबाईंकडे जमा करावे.’ त्याखाली टपालदादांना साक्षीदार म्हणून सही करावी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच बातमी त्यांनी लेखी दिली.

तर मंडळी, दुकान वाचलं. क्लासवाल्या सरांची मुलंही परत आली. नुकसान झालं ते एकाच माणसाचं. आता लपवून काय उपयोग?

असं बघा, बायकोने माझ्या खिशातल्या नोटा काढून घेतल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेलच. नोटा होत्या तोवर बरं होतं. दर तीन महिन्यांनी, दुपारच्या सुमाराला, मी समोर औषधवाल्यांकडे जायचो, नोटा मुठीतून मुठीत द्यायचो आणि कागदात गुंडाळलेली वस्तू शर्टाच्या आत घालून परत यायचो. सहा वर्षांत कुणाला संशय आला नाही. करार झाल्याच्या आनंदात मी शुक्रवारी तसाच गेलो. नोट नव्हती, म्हणून फोन दाखवला. आणि त्यांच्याही काउंटरवर डबी आहे, हे पार विसरलो!

“आपल्या खात्यात सातशे एकोणपन्नास जमा झाले आहेत!”

रस्त्यापलीकडे, माझ्याच बाकावर, पेपर खाली आला. या आकड्याची फोड करायची गरजच नव्हती. टपालदादा तो रोज मोठ्याने वाचत होते.

“तीन महिन्यांत नवे केस!” ते तिथूनच ओरडले. सगळी गल्ली वळून बघायला लागली.

मी बाटली पाठीमागे लपवली आणि वळलो. मागे बायको उभी होती, डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेली.

“अगं, हे... म्हणजे हे एका गिऱ्हाइकासाठी...”

“राहू द्या,” ती म्हणाली. “उशीचे अभ्रे कोण धुतं आपल्या घरी?”